हळदीचा भाव

हरिपूरचं पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. तोंडावरची माती आणि पाला काढून ते काही तास नुसतं उघडं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडायचा. वात तेवत राहिली तर हमाल उतरणार, विझली तर आणखी थांबणार. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या खड्ड्यात प्राणवायू उरत नाही हे आजोबांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. घाई करून उतरलेल्या माणसाचं काय होतं हे गावाला ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं.

सांगलीहून नदीच्या अंगाने चालत निघालं तरी हरिपूर लांब नाही. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची इथली माती अशी की वीस-वीस फूट खणलं तरी कड ढासळत नाही आणि पाणी झिरपत नाही. पेवाचं तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, आत मात्र पोट ऐसपैस. ते शेणाने सारवायचं, तळाला आणि कडेने पाला-चटया लावायच्या आणि शेकडो पोती हळद भरून तोंड बंद करायचं. दोन-चार वर्षं ती तशीच राहायची. कीड लागायची नाही, रंग उतरायचा नाही. वीज नको, औषध नको.

आजोबा सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. रात्री जेवणं झाली की सुपारी कातरत ते पेठेतल्या गोष्टी सांगायचे, आणि त्या ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या मनात लहानपणीच बसली: हळद जागची हलत नसे, हलायचा तो कागद. माल पेवात पडला की त्याची पावती व्हायची. ती विकली जायची, पेढीवर तारण पडायची, सोडवून पुन्हा विकली जायची. एकाच पेवातली हळद वर्षभरात तीन मालकांच्या नावावर होऊन जायची आणि तिघांपैकी एकानेही ती डोळ्यांनी पाहिलेली नसायची. व्यवहार चालायचा तो पावतीवरच्या सहीवर, आणि ती सही करणाऱ्याच्या नावावर.

शेअरचे कागद १९९६ पासून संगणकातल्या खात्यात जायला लागले. गोदामाची पावती २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक झाली. शेतकरी माल गोदामात ठेवतो, पावती खात्यात जमा होते आणि त्यावर बँक कर्ज देते. हे सारं अगदी नवं आहे असं शहरातली माणसं म्हणतात तेव्हा मला हरिपूर आठवतं. इंटरनेटने एका रात्रीत जग बदलून टाकलं हे म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. हळदीच्या पेठेत ते एकेक पायरीने आलं, आणि प्रत्येक पायरी पेठेच्या कुठल्या ना कुठल्या जुन्या सवयीवर बेतलेली होती.

भाव कळणं म्हणजे काय, ते आजोबांकडून ऐकण्यासारखं होतं. मुंबईत मशीद बंदरच्या व्यापाऱ्याचं पोस्टकार्ड यायचं, तोवर त्यातला भाव शिळा झालेला असायचा. ट्रंक कॉल नोंदवला तर तो लागेपर्यंत फोनशेजारी बसून राहायचं, आणि लागला की इतक्या मोठ्याने ओरडावं लागायचं की शेजारच्या चार दुकानांना ऐकू जावं. म्हणून खऱ्या सौद्याची खबर तारेने यायची. तारेत शब्दाशब्दाला पैसे पडत, त्यामुळे दुकानादुकानांचे आपले सांकेतिक शब्द ठरलेले असत. आजोबांच्या दुकानाचे शब्द देवांच्या नावांवरून होते. कुठल्या देवाचं नाव आलं म्हणजे विकायचं आणि कुठलं आलं म्हणजे थांबायचं, हे मालकांना आणि दिवाणजींना सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

अशीच एक तार ऐन हंगामात, मार्चच्या एका सकाळी आली. बाहेर वाळव्याकडच्या बैलगाड्या लागलेल्या, पोती उतरत होती. मुंबईत भाव चढला होता. "मालकांनी तार वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर जाऊन कालच्याच भावानं माल घेतला," आजोबा सांगायचे. "शेतकऱ्यानं पैसे मोजले, नमस्कार केला, गाडी जुंपली. मी वहीत आकडे लिहिले." एवढं बोलून ते अडकित्ता खाली ठेवायचे. मालकांना त्यांनी कधी शिव्या दिल्या नाहीत, पण ही गोष्ट सांगायची म्हटली की त्यांचा आवाज उतरायचा. त्यांच्याही आधीच्या माणसांनी रुमालाखालचे सौदे पाहिले होते. अडत्या आणि खरेदीदार हातांवर रुमाल टाकून एकमेकांची बोटं दाबायचे, त्या दाबण्यातून आकडा ठरायचा. ज्याची हळद तो शेतकरी शेजारीच उभा असायचा आणि त्याच्या मालाचा भाव त्याला दिसत नसायचा. बाजार समित्यांचे कायदे आले, उघड लिलाव आले, रुमाल गेला. तार मात्र पुढेही कितीतरी वर्षं खिशातच राहिली.

ती बाहेर आली ती काकांच्या काळात, तीही थोडी थोडी. आधी कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची पिवळी पाटी लागली. देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमाकडून, तेही आधी मोजक्या महानगरांत. सांगलीत नेट कॅफे आले तेव्हा काका तिथे जाऊन बसायचे. पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, असं ते सांगतात. पुढे सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर बाजार समित्यांचे भाव येऊ लागले. २००३ च्या अखेरीस एनसीडीईएक्स हा शेतमालाचा वायदेबाजार सुरू झाला, वर्षभरात त्यावर हळदीचे वायदे आले आणि अडत दुकानांतून गादीशेजारी संगणकाचा पडदा दिसू लागला. काका म्हणतात त्या दिवसापासून पेठेचा आवाजच बदलला. आधी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलायचे, आता बोलता बोलता नजर पडद्याकडे जायची. पण माझ्या मते खरा बदल त्यानंतरचा. २००७ मध्ये महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीतून बाजारभावाचे संदेश यायला लागले. तेलंगणातल्या निजामाबादला आज हळद काय भावाने गेली, हे कवठेपिरानच्या माणसाला पोती गाडीत भरण्याआधी कळू लागलं.

आजोबा तेव्हा थकले होते, पण पेठेत चक्कर टाकत. एका ओळखीच्या शेतकऱ्याचा मोबाइल हातात घेऊन त्यांनी तो संदेश चष्मा वर-खाली करत दोनदा वाचला. "हे तुला घरबसल्या कळतं?" "व्हय की दिवाणजी. आता कुणाला इचारायला नगो." आजोबांनी मोबाइल परत दिला आणि घरी येऊन आजीला एवढंच सांगितलं, "बरं झालं." त्यांच्या वहीतल्या कुठल्या आकड्यांवर ती ओळ पडली होती, हे घरातल्या सगळ्यांना समजलं.

पण भाव सगळ्यांना कळला म्हणून सगळ्यांचं भलं झालं, असं म्हणता येत नाही. २०१० मध्ये हळद क्विंटलला पंधरा हजारांच्या वर गेली. पडदा सगळ्यांकडे होता, मोबाइल सगळ्यांकडे होता, आकडा सगळ्यांना दिसला. सांगली-साताऱ्यापासून हिंगोली-नांदेडपर्यंत आणि तिकडे तेलंगणात, तमिळनाडूत इरोडकडे, लोकांनी ऊस, कापूस बाजूला ठेवून हळद लावली. बेण्याचा भाव हळदीच्या भावामागून धावला. काढणी झाली, काहिलीत हळद शिजली, वाळली, आणि बाजारात एवढा माल उतरला की २०१२ पर्यंत भाव पाच हजारांच्या खाली आला. आमच्या दादाने, म्हणजे काकांच्या थोरल्या मुलाने, त्या वर्षी दिग्रजकडच्या रानात पहिल्यांदा हळद केली होती. बेण्याचेही पैसे सुटले नाहीत. एका माणसाच्या खिशात खबर असली की तो दुसऱ्याला नागवतो, हे आजोबांनी पाहिलं होतं. तीच खबर एकाच दिवशी लाखो लोकांच्या हातात पडली आणि सगळे एकाच दिशेने धावले तर काय होतं, हे आमच्या पिढीने पाहिलं. पडद्यावर आजचा भाव असतो. दहा महिन्यांनी, पीक हातात आल्यावर काय असेल, हे तो सांगत नाही. आणि ज्याचं पोट त्या पिकावर आहे त्याला नेमकं तेच हवं असतं.

दादाने हळद सोडली नाही. तो शिकला. आता तो वायद्याचा भाव बघतो, पेरा किती झाला याच्या बातम्या बघतो, ई-नाम या ऑनलाइन बाजारातले निजामाबादचे सौदे बघतो, आणि माल विकताना फोनवर सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो एका वेगळ्याच कामात. पोत्यात हात घालून तो मधलं एक हळकुंड काढतो. फोन जवळ धरतो आणि ते मोडतो. वाळलेलं असेल तर कट्ट असा आवाज येतो. मोडलेली बाजू तो उजेडात धरतो, केशरी झाक दिसते, मग नखाने थोडं खरवडून बोट दाखवतो. ही दहा-बारा सेकंदांची चित्रफीत अहमदाबादच्या खरेदीदाराला जाते. तिकडून कधी उत्तर येतं, "आवाज नीट आला नाही, पुन्हा मोडा." आजोबा हळकुंड कानाशी धरून मोडायचे. आवाज बसका आला की म्हणायचे, ओल आहे, चार दिवस ऊन दाखवा. तेच मोडणं आता शेकडो किलोमीटरवरून ऐकलं जातं. एवढं करूनही मोठा सौदा असला की नमुन्याची पुडी कुरियरने जातेच. वास तारेतून कधी गेला नाही, नेटवरूनही जात नाही. राजापुरी की सेलम, कोरड्या रानातली की पाणथळ, पॉलिश जास्त मारलंय का, हे जोखणारा हात पडद्याने बाद केलेला नाही. उलट भाव सगळ्यांना कळू लागल्यापासून त्या हाताचं मोल वाढलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या घरातली दुसरी हळद आत्याची. आत्या पुण्यात रसायनशास्त्र शिकली आणि १९७० च्या दशकात तिने प्रबंधासाठी विषय घेतला हळदीच्या तेलाचा. आजोबांना याचं भारी कौतुक. पोत्यातून निवडलेली हळकुंडं ते तिला पुण्याला पाठवायचे. आत्याच्या गोष्टी पेठेच्या गोष्टींपेक्षा वेगळ्या, पण त्यांतही अडचण तीच: खबर कुठेतरी आहे आणि आपल्यापर्यंत पोचत नाही. केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्सचे जाडजूड खंड बघायला ती सायकल मारत पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात जायची. दिवसभर बसून, पातळ कागदांवरचा बारीक टाइप वाचत, कार्डांवर नोंदी करायची. हवा असलेला लेख तिथे नसला तर थेट लेखकालाच छापील पोस्टकार्ड पाठवायचं: आपल्या लेखाची एक प्रत कृपया पाठवावी. दोन-तीन महिन्यांनी परदेशी तिकिटांचं पाकीट यायचं, कधी यायचंच नाही. तिकिटं माझ्या वडिलांच्या वहीत गेली, लेख आत्याच्या फायलीत. दिल्लीच्या इन्सडॉक या वैज्ञानिक माहिती केंद्राला लिहून छायाप्रती मागवायची एक सोय होती, पण तिलाही वेळ लागायचा. करक्युमिन १८१५ मध्येच वेगळं काढलं गेलं होतं, त्याची रचना उलगडणारा लेख १९१० चा, जर्मन भाषेतला. तो हाती आल्यावर वाचून घ्यायला आत्याने जर्मन शिकणारी एक मैत्रीण गाठली. दोघी पर्वतीच्या पायथ्याशी बसून ओळ-ओळ लावत होत्या, हे ती आजही रंगून सांगते.

म्हणूनच १९९५ चा धक्का तिला फार जवळून बसला. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीच्या एका वापराचं अमेरिकी पेटंट मिळालं. वापर कोणता, तर जखम भरून येण्यासाठी हळद लावणे. आजीने हे ऐकलं तेव्हा तिला ते खरंच वाटेना. पावशीवर बोट कापलं की हळदीचा डबा शोधायचा, हे तिने कुणाकडून शिकलं ते तिलाही आठवत नव्हतं. आत्याचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणाली, "आई, तुला ठाऊक आहे याला पुरावा लागतो. छापलेला, तारखेसह." डॉ. रघुनाथ माशेलकर त्याआधी पाषाणच्या त्याच प्रयोगशाळेचे संचालक होते आणि त्याच वर्षी ते सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले होते. त्यांच्या पुढाकाराने सीएसआयआरने त्या पेटंटला आव्हान दिलं. बत्तीस संदर्भ गोळा करून दिले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकात १९५३ मध्ये आलेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने पबमेड जगभर सर्वांना मोफत खुलं केलं होतं. ज्या लेखांच्या नोंदी शोधायला आत्या पाषाणला सायकल मारत होती, तशा नोंदी घरात बसून शोधता येऊ लागल्या. दोन्ही बातम्या आत्या एका दमात सांगते, आणि तिच्या दृष्टीने ती एकच बातमी आहे.

पेटंट रद्द करायला एवढी धावपळ का करावी लागली? तिकडच्या परीक्षकाला कळेल अशा भाषेत आणि शोधता येईल अशा जागी ते ज्ञान नव्हतं, म्हणून. या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचं काम सुरू झालं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतले योग संस्कृत, अरबी, फारसी, तमिळमधून काढून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत, पेटंटच्या वर्गवारीला जुळेल अशा नोंदींत मांडले गेले. २००९ मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयाला ते पाहण्याची मुभा मिळाली. कुणी गाजावाजा करत नाही, पण इंटरनेटच्या काळात आपल्या देशाने केलेल्या कामांत हे मला फार मोलाचं वाटतं.

घरातल्या रोजच्या जगण्यात नेट आलं त्याबद्दल फार लिहायला नको, ते प्रत्येकाच्या घरी आलंय. हळदी-कुंकवाचं बोलावणं फोनवर येतं, मंडईत हळद घेताना पैसे कोड दाखवून दिले जातात. करोनाच्या वर्षात मात्र आत्या कातावली होती. हळदीने कॅन्सर जातो, हळदीने करोना पळतो, असे संदेश घराच्या गटात दिवसाला ढिगाने येत. एका संध्याकाळी तिने २०१७ चा एक लेख फोनवर उघडून दाखवला. औषध रसायनशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकातला, कुणालाही फुकट वाचता येणारा. करक्युमिन शरीरात नीट टिकत नाही, शोषलं जात नाही आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना चकवतं, असं त्यात साधार दाखवलं होतं. "मला असा लेख मिळवायला तीन महिने लागले असते," ती म्हणाली. "तुम्हाला तीन मिनिटं लागत नाहीत. मग वाचत का नाही?" नातवंडं गप्प. आजी असती तर तिनं विचारलं असतं, म्हणजे जखमेला लावू की नको? आत्याने याचंही उत्तर देऊन ठेवलं होतं: लावा, पण जखम मोठी असेल तर डॉक्टरकडे जा.

२००५ च्या जुलै-ऑगस्टात कृष्णेला पूर आला आणि हरिपूरची पेवं पाण्याखाली गेली. जी माती पाणी झिरपू देत नव्हती, तिच्यात वरून शिरलेलं पाणी बाहेरही जाईना. हळद कुजली. त्यानंतर व्यापार गोदामांकडे, शीतगृहांकडे सरकला. २०१९ च्या पुराने उरलीसुरली आशा घालवली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या वेळी पेवांचा उल्लेख पुष्कळ झाला. उल्लेख झाला, इतकंच. पेव कसं खणायचं, कुठल्या थराला थांबायचं, सारवण किती हात द्यायचं, पाला कुठला, भरताना हळद किती वाळलेली हवी, तोंड कसं लिंपायचं, हे मी नेटवर शोधते तेव्हा त्याच चार ओळी फिरून फिरून समोर येतात. जुन्या ग्रंथांतलं ज्ञान डिजिटल ग्रंथालयात गेलं, कारण ग्रंथ होते. पेव भरणाऱ्या हमालांनी ग्रंथ लिहिले नाहीत. आणि जे शोधल्यावर सापडत नाही ते नव्हतंच, असं समजणाऱ्या काळात आपण राहतो, याची मला काळजी वाटते.

म्हणून दादा आणि मी हरिपुरातल्या एका म्हाताऱ्या हमालमामांकडे जाऊन बसतो. आजोबांना ते ओळखत होते. दादा फोनवर त्यांचं बोलणं उतरवून घेतो, मी वहीत लिहिते, आणि लिहिलेलं आत्याकडे पुण्याला जातं. ती लाल शाईने शेरे मारून, फोटो काढून परत पाठवते. "बऱ्यापैकी खोल" म्हणजे किती फूट? "चांगली वाळली की" म्हणजे किती दिवसांचं ऊन, कुठल्या महिन्यातलं? सांगणाऱ्याने स्वतः केलंय की ऐकलंय? मामा आधी या प्रश्नांना हसायचे. आता तेच आम्हाला अडवतात. "असं नगं लिवू पोरी. हे माज्या बापाच्या टायमाचं. माज्या टायमाला निराळं हुतं, ते खाली लिव." दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत घ्यायचं ठरलंय. गावात अजून दोन-तीन पेवं बुजलेली नाहीत, असं मामा म्हणतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोजपट्टी घेऊन ती मोजायची आहेत, आणि बरोबर यायचं म्हणून आत्याने पुण्याहून निघायची तारीखही कळवून टाकली आहे.